व इतर यांचा शोध

एका जंगलात, मुलांनो, औषधं कमी आणि शोधनिबंध फार होते.

तिथं भागीरथी नावाची मुंगसीण राहायची. सापाच्या विषावरची मुळी तिनं शोधून काढली. सात पावसाळे मुळ्या चाखून चाखून तिची जीभ बधिर झाली. शेवटी तिला कळलं, की मुळी गव्हाच्या दाण्याएवढीच द्यायची. जास्त दिली, तर मुळीच जीव घेते.

तिनं निबंध लिहिला. बिबट्या खातेप्रमुख, म्हणून त्याचं नाव पहिलं. तरसानं बसायला गुहा दिली, म्हणून त्याचं दुसरं. हत्तीचं वरपर्यंत वजन होतं, म्हणून तो तिसरा. भागीरथी चौथी. नाव आहे ना, झालं तर, असं ती म्हणाली. भोळी होती बिचारी.

पुढं घुबडानं शहरातून संदर्भ लावणारं सॉफ्टवेअर आणलं. पूर्वी संदर्भ लावताना प्राण्यांच्या नाकी नऊ यायचे. आता कळ दाबली, की स्वल्पविरामांसकट यादी हजर. निबंध वाचायचीही गरज उरली नाही, त्यामुळे सगळे खूश होते. सॉफ्टवेअर मोठं शिस्तीचं. पहिली तीन नावं लिहायचं आणि पुढं 'व इतर' म्हणून मोकळं व्हायचं.

एके दिवशी सिंहाला नाग चावला. उतारा कुणाला ठाऊक, म्हणून घुबडानं यादी काढली. बिबट्या, तरस आणि हत्ती यांनी आपला संबंध नावापुरताच असल्याचं नम्रपणे कळवलं. राहता राहिले व इतर. ते तर जंगलातल्या चारशे निबंधांत होते. एवढा विद्वान आपल्यात असून आपल्याला पत्ता नाही, याची सगळ्यांना लाज वाटली. लगेच दवंडी पिटली गेली.

कोल्हा पुढं आला. "मीच व. इतर," तो म्हणाला. "व म्हणजे वसंत. इतर हे आमचं आडनाव."

त्याला शाल दिली, नारळ दिला आणि मुळ्यांची टोपली दिली. तो मूठभर मुळ्या उगाळायला बसला. ते पाहून भागीरथी ताडकन उठली. ती गर्दीतून वाट काढत पुढं गेली.

"महाराज, गव्हाएवढीच घ्या. जास्त झाली तर वाचणार नाही तुम्ही."

"बाई, याला संदर्भ काय?" घुबडानं विचारलं.

"संदर्भ कसला? मीच शोधलीय ती."

घुबडानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. भागीरथी कुठंच नव्हती. तिला बाहेर काढण्यात आलं. सूर्य मावळायच्या आत सिंह गेला.

चौकशी बसली. कोल्ह्यानं शपथेवर सांगितलं, की आपण साधे कोल्हे. 'व इतर' हे काय कुणाचं नाव असतं? मग घुबडानं चष्मा पुसला आणि सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातली एक कळ दाबली. तिनं सगळी नावं उघडतात, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आजवर गरज पडली नव्हती, इतकंच.

शिपाई बिळापाशी आले. निबंधात चौथं नाव सापडलंय, असं त्यांनी सांगितलं.

"सापडलं?" भागीरथी म्हणाली. बेड्या पडेपर्यंत ती खरंच आनंदात होती.

तात्पर्य : मुलांनो, नाव नेहमी पहिल्या तिघांत लावा. श्रेय तिथवरच पुरतं. अभ्यासाला आणि अटकेला चौथा असतोच.