वरच्या हवेचा भोपळा

बाळांनो, नीट बसा. नाकातलं बोट काढा. एका जंगलात वरच्या हवेचं खातं होतं. शेजारच्या जंगलात होतं, म्हणून इथेही होतं.

खात्याचे प्रमुख होते कासव, कूर्मराव. ते आयुष्यात बऱ्याचदा उताणे पडले होते. त्यामुळे आकाशाचा अनुभव दांडगा. हाताखाली एकच गिधाडीण, भिवराबाई. उडायचं काम तिचं, सही कूर्मरावांची.

भिवराबाई पोकळ भोपळा घेऊन ढगांच्याही पार वर जायची. हवा भरायची, बूच लावायची, खाली यायची. दोन वर्षांत तिला कळलं, की उन्हाळ्यात वर जड हवा चढते आणि हिवाळ्यात तिथे हलकी हवा साठते. तिला इतका आनंद झाला, की त्या दिवशी पिल्लाला भरवायचंही राहून गेलं.

"चूक!" कूर्मराव म्हणाले. "वरची हवा बारा महिने सारखीच असते. मी तसं लिहून बसलोय."

"साहेब, एकदा वर चला ना. पाठीवर बसवून नेते."

साहेबांचा अपमान झाला. प्रकरण दरबारात गेलं.

"आण बघू तो हिवाळ्यातला भोपळा," सिंहमहाराज म्हणाले. त्यांनी बूच काढलं, भोपळा तोंडाला लावला आणि छातीभर हवा ओढली. मग सवयीने डरकाळी फोडली.

"चीं!"

थेट चिचुंद्रीचा आवाज. एक माकड हसता हसता फांदीवरून पडलं. भिवराबाई तर आनंदाने नाचायलाच लागली. "बघा, आवाज चिरकला, म्हणजे हवा हलकी! सिद्ध झालं!"

"काय सिद्ध झालं?" महाराजांनी विचारलं. अजून चिरक्याच आवाजात.

कोणी हसलं नाही.

निकाल तिथल्या तिथे लागला. हवेने ऋतूप्रमाणे बदलू नये. भिवराबाईने चिंचेच्या शेंड्याहून उंच उडू नये, उडाल्यास पंख छाटले जातील.

घरट्यात पिल्लू होतं. भिवराबाई मुकाट चिंचेवर जाऊन बसली. उन्हाळ्यात तिथूनच भोपळा भरला, हिवाळ्यातही भरला. दोन्हींत काही फरक नव्हता. तसं तिने लिहून दिलं. लिहिताना तिने वर पाहायचं टाळलं.

कूर्मरावांना पदक मिळालं. सत्काराला ते गहिवरले. "बघितलंस भिवराबाई? सत्य सापडायला किती खाली यावं लागतं!"

तात्पर्य : मुलांनो, उंच भरारी जरूर घ्या. फक्त साहेबांना मान वर करावी लागेल, इतकी घेऊ नका.