पैकीच्या पैकी दुखणं

मोजमापात माझा हात धरणारा आमच्या खात्यात कुणी नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. त्यामुळे वृद्धांच्या शुश्रूषागृहात दुखण्यावर नीट उपचार होतात का, हे मोजायला साहेबांनी मलाच धाडलं. पद्धत सोपी. प्रत्येकाला विचारायचं, दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य.

तिथे अकरा आजी-आजोबा आणि त्यांना सांभाळणारी एक सिस्टर. तासाभरात उरकू म्हणून हा खुलासा मी एकदाच, चहाच्या वेळी, कपबशांच्या खडखडाटात केला. निम्म्या लोकांची कानयंत्रं खोल्यांत पडलेली! निवृत्त हेडमास्तरांना त्यातलं 'दहापैकी' तेवढं ऐकू आलं. सिस्टरला गुण द्यायचे आहेत, असं त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं.

मग काय! पत्ते पिसता पिसता, हसत हसत एकेकाने दहा सांगितले. एक आजोबा तर अकरा लिहा म्हणून हटून बसले. सोसावं तर या लोकांनी, असं म्हणत मी साहेबांना फोन केला. अकराच्या अकरा जण असह्य वेदनेत आहेत.

दुपारी रुग्णवाहिका आली, डॉक्टर आले, आणि सिस्टरला घरी बसवण्याचं पत्र घेऊन खुद्द साहेबही आले. तिने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

हेडमास्तर काठी टेकत पुढे झाले. "आम्ही पोरीला पैकीच्या पैकी दिले, आणि तुम्ही तिला नापास करताय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

पत्र तिथेच फाटलं. डॉक्टर नव्याने विचारायला बसले, तेव्हा बहुतेक जण एक-दोनवर उतरले. खिडकीजवळच्या आजी तर शून्यावर ठाम होत्या. सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "आजी, कालपासून डाव्या हाताने जेवताय तुम्ही."

आजी ओशाळल्या. उजवा खांदा ठणकत होता म्हणे, पण सिस्टरच्या मागे आधीच काय कमी कामं आहेत?

डॉक्टरांनी औषध दिलं. चार दिवसांनी मी पुन्हा गेलो, तर आजी उजव्या हाताने दणादण पत्ते आपटत होत्या आणि सिस्टर त्यांच्याकडून हरत होती.

अहवालात 'वेदना कशी लक्षात आली?' असा एक रकाना असतो. तिथे मी 'बारकाईने निरीक्षण करून' असं लिहिलं. कोणी केलं, ते लिहायला जागा नव्हती. म्हणजे, होती थोडी.