बरणी राहिली बाजूला

"मोठं यंत्र कशाला, साहेब? माझ्या फोनवर होतं!" तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी मी छातीठोकपणे म्हणाले. म्हणजे माझ्या आवाजात. साहेबांना दोनदा "काय?" विचारावं लागलं.

आमचं वाचनालय दोन खोल्यांचं. त्यातल्या एकीत जुन्या वस्तूंचं संग्रहालय. समितीला काम पटलं तर ते राहणार, नाहीतर वस्तू पेट्यांत आणि मी घरी! करायचं एवढंच, की वस्तूभोवती फिरत फोटो काढायचे. फोन ते जोडून हुबेहूब प्रतिकृती करतो. मग पडद्यावर बोटानं फिरवा आणि चारी बाजूंनी बघा.

आता माझे नेम. दुपारी बारापर्यंत मौन. खोटं कधीच नाही. आणि पुसल्याशिवाय वस्तूला काम लावायचं नाही. त्यामुळे निळी बरणी मी अशी लख्ख पुसली, की तिच्यात बघून भांग पाडावा!

साहेब देखरेखीला आले, टेबलाला खेटून खुर्चीत बसले आणि लगेच त्यांची मान कलली. सरका म्हणावं, तर मौन! मी खोकले. टाळी वाजवली. त्यांनी घोरून उत्तर दिलं. शेवटी मी थकले आणि फोन घेऊन बरणीला प्रदक्षिणा घालू लागले. साहेबांनाही ती आपसूक घडली.

समिती बाराच्या आधीच टपकली. साहेबांनी दचकून उठत, न बघताच प्रतिकृती पडद्यावर लावली. "ही आमची दुर्मिळ बरणी!"

पडद्यावर बरणीच्या जागी निळा धूर. चकचकीत वस्तू कॅमेऱ्याला झेपत नाही, हे मला नंतर कळलं. आणि धुराशेजारी साहेब! उघड्या तोंडासकट, टकलासकट, सुटलेल्या बटणासकट!

अध्यक्षबाईंनी त्यांना बोटानं गरगर फिरवलं. "अहाहा! काय पुतळा आहे! चेहऱ्यावरची सुस्ती बघा! मूळ कुठाय?"

साहेब घामाघूम. मग त्यांना माझं मौन आठवलं. "ताईंना विचारा! सगळं त्यांच्याच ताब्यात असतं."

आणि मेल्या घड्याळानं नेमके तेव्हाच बारा वाजवले!

"मूळ तुमच्यासमोरच आहे," मी म्हणाले. "फक्त सध्या जागं आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज खोलीभर ऐकू गेला. समिती पोट धरून हसली. "माणूस इतका हुबेहूब येतो, तर मडकी का नाही येणार? राहू द्या संग्रहालय!"

संध्याकाळी साहेब हळूच टेबलापाशी आले. "ताई, ते मौन ऑफिस सुटेपर्यंत नाही का वाढवता येणार?"

"बघते," मी म्हणाले.

"काय?" साहेब म्हणाले.