बल्ब बदलणारे कासमचाचा

मोटारीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब बदलायचा असला की आमचे शेजारी कासमचाचा आधी आंघोळ करत. मग अंगणात चटई अंथरायची, कोंबड्या कोंडायच्या आणि बघ्यांना ताकीद द्यायची, "ज्याले शिंक येई ऱ्हायनी, त्यानी घर जावं!" नंदुरबारात मिरचीचा हंगाम सुरू झाला की ही अट पाळणं सोपं नव्हतं. पण दिव्याच्या आत चांदीचा मुलामा दिलेली वाटी असते आणि तिच्यावर शिंतोडा उडाला तर डाग पडतो, असं चाचांचं म्हणणं. ते स्वतः तोंडाला रुमाल बांधून काम करत, त्यामुळे त्यांच्या शिव्या आम्हाला अर्ध्याच कळत.

गावात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. ही एका मिरचीवाल्या शेठजींची, चाचा तिचे ड्रायव्हर. पण ती राही चाचांच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली. चाचांना बायको नाही, मूल नाही. सकाळी चहाची बशी घेऊन ते तिच्यापाशीच बसत. "रातले थंडी वाजनी का वं?" असं तिला विचारताना मी माझ्या कानांनी ऐकलंय.

बल्ब बसला की उजेड नेमका कुठे पडतो हे पाहायला समोर पांढरी भिंत लागे. ती माझी. भिंत माझी, उजेड शेठजींचा आणि हुकूम चाचांचा. दिवेलागणीला मी भिंतीपाशी उभं राहून "वर, जरा खाली" ओरडायचं आणि चाचांनी स्क्रू फिरवायचा.

पूर्वी हा सोहळा वर्षातून एखाद्या वेळी होई. त्या हिवाळ्यात मात्र दर शुक्रवारी होऊ लागला. "मास्तर, आतेना मालमा दम नही! उजेड पडतच नही!" असं म्हणत चाचा सुरतेहून नवे बल्ब मागवत आणि जुने माझ्या हवाली करत.

चौकसपणा हा माझा जन्माचा रोग. एक दिवस त्यातला एक बल्ब मी शाळेच्या प्रयोगाच्या बॅटरीला लावून पाहिला. लख्ख पेटला. दुसरा लावला, तोही पेटला. सहाच्या सहा ठणठणीत! चांगले बल्ब हा माणूस टाकतो कशाला? मला जेवण गोड लागेना.

उत्तर आमच्या दोरीवर वाळत होतं. माझा कोट. सकाळी जाता जाता चाचा थांबले आणि कोटाला म्हणाले, "सलाम मास्तर! आज शाळा नही का?" कोट काही बोलला नाही, तसे "घरमा भांडण व्हयनं वाटस" असं पुटपुटत ते पुढे गेले. मी खिडकीत होतो. आधी पोट धरून हसलो. मग रविवार आठवला. येत्या रविवारी शेठजींच्या सुनेला तान्ह्या बाळासकट शहाद्याहून आणायचं होतं, येताना अंधार पडणार होता आणि मोटार चाचाच हाकणार होते.

सांगावं तर शेठजी मोटार नेणार, चाचांचं अंगण ओकंबोकं होणार. न सांगावं तर ते बाळ. दोन दिवस मी चाचांना चुकवत राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी पुन्हा भिंतीपाशी उभा राहिलो. चाचांनी नवे बल्ब बसवले, बटण ओढलं. भिंत दुधासारखी उजळली. मी "वर" म्हणालो नाही की "खाली" म्हणालो नाही.

चाचांनी तोंडावरचा रुमाल काढला. "मास्तर, पेटना का?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. जमलं नाही. "पेटलाय, चाचा. दोन्ही दिवे पेटलेत. आधीचे बल्बही चांगले होते. मी लावून पाहिलेत."

चाचा चाचपडत मोटारीच्या पायरीवर टेकले. "माले म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "पन बल्बले दोष देनं सोपं व्हतं."

मग म्हणाले, "कागद ल्या. शेठले चिठ्ठी लिखा. मन्हा तोंडतून निंघाव नही."

मी कागद आणला आणि दिव्यांच्या उजेडात बसलो. "काय लिहू? डोळ्यांचं?"

"ते मंग लिखा." चाचांनी मोटारीच्या अंगावरून हात फिरवला. "पहिले हाई लिखा, मोटारमा काहीच खोट नही. मी महिनाभर तिन्हावर खोटा आळ लिधा."