गुरूचा लाल डाग

"तू भाकरी टाकेपर्यंत गुरू जसाच्या तसा कागदावर उतरवून आणतो," असं बायकोला बजावून महिपतराव घुले गच्चीवर गेले.

द्वारकाबाईंच्या गुडघ्यांनी चार वर्षांपूर्वीच जिन्याशी अबोला धरला होता. म्हणून दुर्बिणीत दिसेल ते महिपतराव चितारून खाली आणत. शनीचं कडं, चंद्रावरचे खड्डे, कृत्तिकांचा झुबका, सगळं मांजरी गावातल्या त्या स्वयंपाकघरात डब्यांच्या वर चिकटवलेलं होतं.

गच्चीवर गार वारा होता. पलीकडे उरलासुरला ऊस सळसळत होता. नातीनं, भाग्यश्रीनं, बॅटरीला लाल कागद बांधून दिला होता. पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात म्हणून. महिपतरावांनी गोल काढला, दोन पट्टे काढले, चार चंद्र ठेवले. आणि मग, अगदी कडेशी, त्यांना तो दिसला. गुरूवरचा लाल डाग, फिकट, पिकल्या बोरासारखा. किती वेळ ते नुसतेच बघत राहिले.

मग लाल पेन्सिल घेतली. कागदावर काही उमटेना. दाबली. उमटेना. जिभेवर ओली केली, पुन्हा घासली, पुन्हा जिभेला लावली. छे. शेवटी "पेन्सिलच भिकार," असं म्हणून ते खाली आले.

लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही, हे भाग्यश्री सांगायला विसरली होती.

स्वयंपाकघराच्या पांढऱ्या ट्यूबखाली द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ओठ लाल, जीभ लाल, मिशीच्या टोकालाही लाली.

"पान खाल्लं," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी तंबाखूचं पान बंद केल्याला वर्ष झालं होतं.

"अगं, गुरू काढत हुतो."

"दावा."

महिपतरावांनी कागद पुढे केला आणि स्वतःच दचकले. गुरूवर कुणीतरी नेम धरून पिचकारी मारल्यासारखं दिसत होतं.

"थुकलाय बी त्याच्यावरच," द्वारकाबाई म्हणाल्या. तवा उतरवला, पदर खोचला. "वर किती पिचकाऱ्या हायेत ते बघते."

एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून त्या चढल्या. महिपतराव मागून, हात पुढे करून. पाऊण तास लागला. लाल कागद काढून बॅटरी मारत द्वारकाबाईंनी कोपरान्‌कोपरा पाहिला. पिचकारी नव्हती.

"आता हितनं बघ," महिपतराव म्हणाले. "तो डागच काढत हुतो."

द्वारकाबाईंनी डोळा लावला. गुरू नजरेबाहेर सरकला की महिपतराव हलकेच नळी सरकवून तो परत आणून देत. ऊस वाजत होता. खाली भाकरीचं पीठ वाळत होतं.

"लई गोड हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पण लाल कुठाय?"

महिपतरावांनी वाकून पाहिलं. गुरू स्वच्छ होता. तेवढ्या वेळात गिरकी घेऊन त्यानं डाग पलीकडे नेला होता.

"मघाशी हुता," ते पडेल आवाजात म्हणाले.

"हं," पुन्हा डोळा लावत द्वारकाबाई म्हणाल्या, "पान बी मघाशीच हुतं."