ताईसाठी राखून ठेवलेली किडनी

माझी एक किडनी ताईला द्यायचं मी ठरवलं, तेव्हा माझ्या हातात एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरचा प्लग होता. भाऊजींचा फोन आला, "हिच्या दोन्ही किडन्यांत मुतखडे आहेत. सोमवारी ऑपरेशन." एवढं ऐकलं आणि मी फोन ठेवून दिला. (पुढे ते बरंच काही सांगत होते म्हणे. ऐकून घ्यायचं खातं आमच्या घरात दादाकडे होतं.)

दादा म्हणजे आमचा थोरला. गॅरेज त्याचंच. शाळेचं आणि माझं पटेना, तेव्हा त्यानेच माझ्या हातात पाना दिला. "पार्ट साफ होत असेल तर बदलायचा नाही," हे तो मला उठता-बसता सांगायचा आणि मी उठता-बसता पार्ट बदलायचो. याच उन्हाळ्यात तो गेला. दुपारी छातीत कळ आली आणि संध्याकाळी तो नव्हता. माझ्याकडे कोणी रक्त मागितलं नाही, काहीच मागितलं नाही. त्याच्या चपला अजून दाराशी आहेत. त्या कोणी हलवायच्या, हा विषय घरात कोणी काढत नाही.

आता उरलो आम्ही दोघं, आणि त्यात ताईच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. मी गॅरेजच्या पद्धतीने विचार केला. तिच्या दोन खराब, माझ्या दोन चांगल्या, तर एकेक वाटून घेऊ.

लगेच तयारीला लागलो. चहा सोडला. माल स्वच्छ द्यावा म्हणून दिवसभर पाणी पीत राहिलो. शेजारच्या वेल्डरला सांगून ठेवलं, "माझं काही बरंवाईट झालं तर दादाचे पाने तुझे."

"आणि तुझी गाडी?" त्याने विचारलं. (माणूस कळवळ्याचा आहे.)

ऑपरेशनआधी केस काढतात हे माहीत होतं, म्हणून न्हाव्याकडे गेलो.

"कटिंग की दाढी?"

"कंबर. दोन्ही बाजूंनी," मी शर्ट वर करत म्हणालो. "कुठली घेणार ते अजून कळवलेलं नाही."

न्हाव्याने शांतपणे वस्तरा बदलला. त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

सोमवारी सकाळी उपाशीपोटी, पिशवी घेऊन हॉस्पिटलात पोचलो. ताई हिरवा झगा घालून खाटेवर बसली होती.

"पिशवी कसली रे?"

"लुंगी आहे, ब्रश आहे. राहावं लागेल ना."

"ऑपरेशन माझं आहे."

"दोघांचं आहे. मी एक देतोय."

"एक काय?"

"किडनी."

ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी पंख्याकडे पाहिलं.

"तुम्ही याला नीट सांगितलं नाहीत?"

"सांगत होतो. याने फोन ठेवला."

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांना सगळा प्रकार कळल्यावर त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "किडनी कोणाचीच काढायची नाही," त्या म्हणाल्या. "लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण आत जाते. लेसरने खडे फोडायचे आणि चुरा बाहेर काढायचा. चीर नाही, टाका नाही."

"म्हणजे पार्ट बदलायचा नाही?"

"साफ करायचा."

मी मागे वळून पाहिलं. हे वाक्य ऐकायला दादा हवा होता.

"मग याचं काय करू?" मी शर्ट वर करून दोन्ही गुळगुळीत बाजू दाखवल्या. सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर निघून गेल्या.

ताईला न्यायला स्ट्रेचर आलं आणि माझं उसनं अवसान गळालं. मी तिचा हात धरला तो सोडेचना.

"ताई, परत ये गं."

"येते रे गाढवा. तुला एकट्याला सोडलं तर आठवड्यात दोन्ही किडन्या वाटून मोकळा होशील."

दार बंद झालं. मी बाकावर बसून त्या दाराकडे बघत राहिलो. पोटात अन्नाचा कण नाही, नुसतं पाणी, आणि छातीत दादाची ती दुपार. बाकावरून कधी घसरलो ते कळलंच नाही. डोळे उघडले तर मी खाटेवर, हाताला सलाईन, आणि एक तरुण डॉक्टर माझी कंबर चाचपतोय. त्याने बरगडीखाली जरा दाबलं आणि मी असा ओरडलो की पलीकडच्या पेशंटने घाबरून पांघरूण डोक्यावर घेतलं.

"कधीपासून दुखतंय?"

"वर्षभर. ते गाड्यांना किक मारून मारून."

त्याने मला सोनोग्राफीला पाठवलं. (केस आधीच काढल्यामुळे काम सोपं झालं असेल, असं मी मनाचं समाधान करून घेतलं.)

तिथून परत बाकाशी आलो, तर डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या हातात छोटी बाटली घेऊनच. तळाशी भरड वाळूसारखा चुरा होता. ताई सुखरूप होती. मी भाऊजींच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडलो. उन्हाळ्यात राहिलेलं रडणंही त्यातच उरकलं.

माझं आटोपल्यावर डॉक्टरबाईंनी त्या तरुण डॉक्टरने आणून दिलेला कागद पुढे केला. "हा तुमचा रिपोर्ट. दोन्ही किडन्यांत खडे आहेत. डावीकडचे ताईंच्या खड्यांपेक्षा मोठे."

भाऊजी सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, "आणि यातलीच एक हा देणार होता."

संध्याकाळी ताई शुद्धीवर आली, तशी भाऊजींनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. (एरवी या माणसाला बोलतं करायला चिमटा काढावा लागतो.) ताई हसायला लागली. सिस्टर धावत आल्या, "हसू नका, नळी लावलेली आहे." मग ती नळी सांभाळत, ओठ दाबून हसत राहिली. मी शेजारी चेहरा पाडून बसलो होतो. माझी तारीख पुढच्या सोमवारची पडली होती.

"ताई," मी हळूच म्हणालो, "मला भीती वाटतेय."

तिने माझा हात हातात घेतला, थोपटला आणि मायेने म्हणाली, "घाबरतोस कशाला? मी आहे ना. लागलीच तर माझी एक घे. आजच सर्व्हिसिंग झालंय."