मूठभर मीठ, पंचवीस सह्या

ज्या मिठाने साहेबाचं राज्य हलवलं त्याचं स्मारक झालंच पाहिजे, असा ठराव सुकापूरच्या आमच्या स्वदेशी स्मरण समितीने एकमताने केला. स्मारकाला खाडीलगतची जागा हवी होती. खाडीलगत भामाबाईंचं मिठागर होतं, आसपासचं शेवटचं चालू. तेव्हा मिठाच्या स्मारकासाठी मिठागर बुजवणे क्रमप्राप्त ठरले.

अधिकारी अविनाश साहेब मात्र न्यायी. म्हणाले, "मावशी, तुमचं मीठ नियमित वापरणाऱ्या पंचवीस ग्राहकांच्या सह्या आणा. मिठागर वाचेल. मुदत भूमिपूजनापर्यंत."

"पंचवीसच?" भामाबाई हसल्या. "तीनशे मानसं येनार हायेत. तितंच घेते."

भूमिपूजनाला पाहुण्यांनी मूठभर मीठ उचलून कायदा मोडायचा होता. त्यासाठीची पोलीस परवानगी निमंत्रणाला जोडली होती. भामाबाईंच्या मिठाचा खडा पाहुण्यांच्या हाताला टोचेल, म्हणून अध्यक्ष पद्मजाताईंनी दुकानातून बारीक मिठाची चाळीस पाकिटं आणवून चिखलात ओतवली. भाषणं संपेपर्यंत ते मीठ विरघळलं. पाहुण्यांनी मूठभर चिखल उचलला. टाळ्या झाल्या.

मग भामाबाई कागद घेऊन रांगेरांगेतून फिरल्या.

"मावशी, तुम्ही म्हणजे जिवंत इतिहास!" पद्मजाताईंनी आधी सेल्फी घेतला. "पण मला बीपी आहे हो. माझं मीठ वेगळं."

"आमचं ऑनलाइन येतं," पुढच्या रांगेतले एक पाहुणे म्हणाले.

"आमचं गुलाबी," त्यांच्या शेजारचे म्हणाले. "डोंगरातलं. आणि खोटी सही कशी करायची? आजच्या दिवशी तरी?"

सुके बोंबील विकणाऱ्या हाफिजभाईंनी तेवढी सही ठोकली. "साहेब, माझे बोंबील पंचवीस घरांएवढं मीठ खातात. सगळ्या ओळी भरू का?"

"बोंबलांना ग्राहक धरता येत नाही," अविनाश साहेब हळहळले.

शेवटी भामाबाई माझ्यापाशी आल्या. त्यांचं पेन बंद पडलं होतं. मी लगेच माझं दिलं.

"तू नाय करत, बाय?"

मी म्हटलं, "पेन राहू द्या तुम्हालाच."

सोमवारी मिठागर बुजलं. स्मारक छान झालंय. काचेच्या पेटीत भामाबाईंच्या मिठाचा खडा आहे, शेजारी तो अर्ज: एक सही, चोवीस रिकाम्या ओळी. लोक त्यापुढे उभे राहून गहिवरतात. तुम्हीही या एकदा. तुमच्या डब्यात कुठलं मीठ आहे, हे तिथे कोणी विचारत नाही.